ठकीचा पाठराखा

अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... यातलं काही मी माझ्या संसारात येऊ दिलं नाही. लेकरू रडायला लागलं की आधी त्याचं पोट बघितलं, कान बघितला. दृष्ट काढली नाही. सासूबाई यावरून लय बोलायच्या, मी ऐकून घ्यायची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही बसत नाही. खाली जे लिहिते आहे त्यावर मात्र विश्वास ठेवण्याचा प्रश्न नाही, कारण ते माझ्याच डोळ्यांपुढं झालं.

सून दर रविवारी पेपरच्या पुरवणीतले लोकांचे अनुभव मला वाचून दाखवते. कोणाला पुलावर बाई दिसली, कोणाच्या गाडीत मागं कोणी बसलं. मी हसते. मागच्या रविवारी वाचून झाल्यावर तिनं सहज विचारलं, तुमच्यासोबत कधी असं झालं का हो आई? मी "छे" म्हणाले आणि शेंगा फोडत बसले. दुपारी नातवाची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण वही पुढं असली की जमतं. हे मी पुरवणीला धाडणार नाही. तरी कोणी वाचणारं आहे असं धरूनच लिहिते, म्हणजे काही सुटायचं नाही.

गोष्ट निजामाच्या अमलातली, पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीची. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंगळीच्या शाळेत मास्तर होते. त्या उन्हाळ्यात मी चौथी पास झाले. पुढचं सगळं शिक्षण उर्दूतून, आणि तेही परभणीला. माझी शाळा संपली हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. आईचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला ती सेलूला तिच्या भावाकडं, म्हणजे माझ्या मामाकडं निघाली आणि सोबत मी आणि माझा भाऊ विनू. पिंगळीहून गाडीत बसलो ते थेट सेलूला उतरलो. मला अकरावं चालू होतं, विनूला सहावं.

मामा सेलूला एका जिनिंगमध्ये कारकून होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. राहायची जागा त्याच आवारात. फाटकातून आत आलं की एका बाजूला चौकीदार रहीमचाचाची खोली, तिला लागून मामाच्या दोन खोल्या, वर पत्रा. समोर इंजिनघर आणि उंच धुराडं. त्याच्या मागं इंजिनच्या पाण्याचा मोठा हौद. आणि सगळ्यांत मागं, कंपाउंडच्या भिंतीजवळ, कापसाचं गोदाम. दगडी भिंती, एकच लोखंडी पत्र्याचं दार, आणि हात पुरणार नाही इतक्या उंचावर दोन झरोके. हंगाम संपून दोन महिने झाले होते. शिल्लक कापूस आत कोंडून मालकानं दाराला कुलूप लावलं होतं, कुलपावर फडकं गुंडाळून लाखेची मोहर केली होती. किल्ली मालकाजवळ, आणि मालक जालन्याला. ते दार आता दिवाळीलाच उघडायचं.

दार पूर्वेला होतं. दुपारी बारा वाजून गेले की त्याच्यापुढं सावलीची पट्टी पडायची. आधी हातभर, मग वाढत जायची.

आम्ही गेल्यावर आठवडाभरात आईला मुलगी झाली. आई आतल्या अंधाऱ्या खोलीत, तिथं आम्हाला जाऊ देत नसत. दुपारी तर अजिबात आवाज नको. जेवणं झाली की मामी आम्हाला बाहेर काढायची. "गोदे, ह्याला घेऊन कुठं तरी सावलीत खेळ माय. हौदाकडं मात्र फिरकू नको, सांगून ठेवायले." माझं नाव गोदावरी.

विनू म्हणजे माझ्या परकराला लागलेला गोखरू. अक्का तहान लागली, अक्का काटा रुतला, अक्का मला पण दे. पिंगळीलाही मला मैत्रीण अशी नव्हतीच. मुली बोलवायला यायच्या, मी दाराआड उभी राहायची, मग त्या यायच्या बंद झाल्या. माझ्याजवळ एक बाहुली होती. आईनं जुन्या खणाची शिवलेली, डोळे काळ्या दोऱ्याचे. तिचं नाव ठकी. मी आणि ठकी आणि हे गोखरू, असं आमचं चालायचं.

बाळ तीन दिवसांचं असताना आम्ही सावली शोधत गोदामापाशी गेलो. तिथं दाराला पाठ लावून एक मुलगी बसली होती. माझ्याएवढीच. धुऊन धुऊन रंग गेलेला परकर, आणि केसांत, भुवयांत कापसाचं तूस. जिनिंगवर कामाला येणाऱ्या बाया संध्याकाळी घरी जाताना अशाच पांढऱ्या होऊन जातात, असं मामीनं सांगितलेलं मला ठाऊक होतं. म्हणून वाटलं, कोण्या कामावरच्या बाईची लेक असेल. जिनिंग दोन महिने बंद आहे, हे काही त्या वेळी ध्यानात आलं नाही.

मी परत फिरणार होते. तीच म्हणाली, "बाहुली कोणी शिवली?"

आवाज गोधडीखालून बोलल्यासारखा. मी म्हणाले, आईनं. ती म्हणाली, बस की. मी बसले. मला कोणीतरी स्वतःहून बस म्हटलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दाराआड गेले नव्हते.

विनू आमच्या मधे घुसून बसला. तिनं त्याच्याकडं बघितलं. "हे काय, शेपूट हाय का तुझं?"

"मी शेपूट नाही," विनू म्हणाला.

"मग कोण हाईस?"

"मी भाऊ आहे."

तिला त्याचं लय हसू आलं. मलाही आलं.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही तिथं. ती आमच्या आधी बसलेली असायची आणि आम्ही निघालो तरी बसलेलीच असायची. तिनं मला नाव विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही. आता वाटतं, किती साधी गोष्ट. पण लाजरी माणसं पहिल्या दिवशी नाव विचारायचं चुकवतात, मग दुसऱ्या दिवशी विचारायची लाज वाटते. एकदा मी तिला म्हणाले, घरी चल, मामी गूळ-शेंगा देते. ती म्हणाली, "तुमच्याकडं सुवेर हाय. मी न्हाई येत." बाळाच्या जन्माचं सुवेर दहा दिवस असतं, तेव्हा ते मला बरोबरच वाटलं. ती सावलीच्या पट्टीबाहेर कधी आली नाही, हेही मला उन्हामुळंच वाटलं.

तिच्याजवळ एक बाहुला होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काडीवर कच्चा कापूस गुंडाळून केलेला, अंगात गोणपाटाचा सदरा. तिनंच म्हटलं, लग्न लावू. मी म्हणाले, उद्या लावू. ती नको म्हणाली. "सुवेर फिटू दे. शास्त्रानं करू सगळं." खेळातही शास्त्र मोडलेलं तिला चालत नसे. भातुकलीच्या करवंटीत तिनं एकदा मला पाणी दिलं होतं, तेव्हा मी उगीच मोठेपणा करत म्हणाले होते, आता तुम्ही आमच्या लेकीचे सासरचे, लेकीच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही. तिनं मान डोलावून करवंटी मागं घेतली होती. ते विनूला इतकं आवडलं की दिवसभर तो मामीनं पाणी दिलं तरी तेच म्हणत होता आणि त्यानं मामीच्या हातचा धपाटा खाल्ला.

अकराव्या दिवशी लग्न लागलं. बाळाचं दुपटं अंतरपाट म्हणून आणलं होतं. अक्षता म्हणून सरकी. विनूला काम एकच — मधे मधे "सावधान" म्हणायचं. तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा. ती म्हणायची, हळू म्हण, हळू. लग्न लागलं, आणि आम्ही दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायला लागलो. नावाचा प्रश्न सुटला म्हणून मला बरं वाटलं.

मग पाठवणी. मी ठकीला तिच्या पदरात घातलं. रडायचं नाटक करता करता खरंच रडू आलं.

तिनं विचारलं, "पाठराखीण कोण?"

आमच्यात नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत कोणीतरी लहान भावंड जातं. नवरी बुजू नये म्हणून. ती पाठराखीण, मुलगा गेला तर पाठराखा. किती दिवसांसाठी, ते आधीच ठरवून घेतात. दोन दिवस, पाच दिवस. मग मुराळी जातो. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी आणायला जाणारा माणूस. तो मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, घेऊन जातो, शिदोरी देतो आणि दोघांना घेऊन येतो.

मला हे सगळं माहीत होतं. ते माहीत असूनही मी काय केलं ते लिहिते. त्या दिवशी विनूनं सकाळपासून छळलं होतं. पंगतीचे चिरमुरे त्यानंच खाऊन टाकले होते. मला एकच दुपार त्याच्याशिवाय पाहिजे होती. मी त्याच्या दंडाला धरून पुढं केलं आणि म्हणाले, "हा घ्या पाठराखा."

"मी नाही जाणार," विनू म्हणाला.

"किती दिस?" तिनं मला विचारलं.

मी म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच."

ती हसली नाही. तिनं विनूकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि म्हणाली, बरं. ती ठकीला घेऊन बसली. आम्ही घरी आलो. विनू सोबतच होता, रुसलेला. रात्री झोपेत त्यानं माझा परकर मुठीत धरला होता.

दुसऱ्या दिवशी बाळाचं बारसं. सकाळपासून घरात गडबड. बायका चारला येणार होत्या. मामी घुगऱ्या शिजवत होती. मी पाळण्याला पानं-फुलं बांधत होते. बारा वाजता विनू वरण-भात जेवून उठला हे मी बघितलं. मग मान वर केली तर तो नव्हता.

मी खोल्यांत बघितलं, रहीमचाचाच्या खाटेखाली बघितलं, इंजिनघरात बघितलं. हौदाकडं गेले. पाणी हिरवंगार आणि अगदी स्थिर. मला तेव्हाच ठाऊक होतं की तो हौदात नाही. तो कुठं आहे ते मला ठाऊक होतं. पण पाय तिकडं जाईनात.

मामीच्या ध्यानात यायला घटकाभर वेळ गेला. मग सगळी धावाधाव. मामा आला, आजूबाजूची माणसं आली, आणि सगळे हौदाभोवती उभे राहिले. उन्हाळ्यात लेकरू हरवलं की माणूस आधी पाण्याकडंच जातो. मामा बांबूनं पाणी ढवळत होता. एक जण धोतर कमरेला खोचून आत उतरला. रहीमचाचानं मला विचारलं, तुम दोनों रोज कां खेलते बेटी? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला सांगायचं होतं — गोदामापाशी, एका मुलीसोबत. तोंड उघडलं. आवाज आला नाही. माझा हा स्वभाव मला आयुष्यात अनेकदा नडला, पण त्या दिवसासारखा कधी नाही. मामा म्हणाला, जाऊ दे, पोर घाबरलीय. आणि पुन्हा बांबू घातला.

मी एकटी गोदामाकडं गेले. सावलीची पट्टी होती. ती नव्हती.

दाराजवळ उभी राहिले. आतून अगदी हळू आवाज येत होता. कापसात आवाज मुरतो, तसा. विनूचाच. तो म्हणत होता, "सावधान... सावधान..." जसं तिनं सांगितलं होतं, हळू.

कुलूप तसंच. फडकं तसंच. लाखेवर मालकाचा ठसा तसाच.

मी हाका मारल्या. विनू, विन्या, बाळा, सगळं. आतला आवाज थांबला नाही की जवळ आला नाही. जणू मी दुसऱ्याच कोणाला हाका मारत होते. तेव्हा मला उमगलं. तिथं तो विनू नव्हताच. तिथं तो ठकीचा पाठराखा होता, आणि पाठराख्याला हाक मारून कोणी आणत नाही. त्याला आणायला मुराळी जावा लागतो.

मी पळत घरी आले. सगळे हौदावर होते, घरात फक्त आई आणि बाळ. आईच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. बाजेखाली बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा पितळी डबा असायचा. मी तो ओढला, दोन लाडू काढले. आई जागीच होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "गोदे, विनू सापडला का गं?"

मी म्हणाले, "आणते."

तिनं माझ्या हातातले लाडू बघितले. कशाला म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

दारापुढं आले तेव्हा ऊन डोक्यात घुमत होतं. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. मी परकर नीट केला. नात्यात मूळ घेऊन येणारी मोठी माणसं जशी उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची, तसं बोलायचं ठरवलं.

"विहीणबाई आहेत का घरात?"

आतलं "सावधान" थांबलं.

दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला. "कोण आलंय?"

"ठकीची आई. मूळ घेऊन आले."

"कालच तर सून आली. कामून एवढी घाई?"

मी म्हणाले, "घरी बारसं आहे. ठकीच्या मावशीचं."

खरंच होतं ते. ठकी माझी लेक, तर माझी बहीण तिची मावशी. बारशाला लेकीला आणू नये असं कोणतंच सासर म्हणत नाही. दाराचा पत्रा इतका तापलेला की मला त्याची धग लागत होती, आणि खालच्या फटीतून मात्र पायाला गार लागत होतं.

"सून न्हाई धाडायची मी," ती म्हणाली. "नवं घर हाय. घर कोण बघल?"

"मग पाठराखा तरी द्या. त्याची बहीण आहे ती. भाऊ नसताना बारसं कसं होईल?"

"तूच म्हणलीस राहू द्या."

म्हणालेच होते मी. हौदाकडून मामाचा आवाज आला, तो कोणाला तरी दोर आण म्हणत होता.

मी म्हणाले, "चुकलं माझं, विहीणबाई. लहान आहे तो. त्याची आई बाळंतीण आहे. पदर पसरते." पदर कुठला, परकराचा ओचाच धरला होता मी. "सून ठेवून घ्या. पाठराखा द्या."

"परत येशील? ठकीला न्यायला?"

"येईन."

"कवा?"

"पंचमीला," मी म्हणाले. सासुरवाशिणीला माहेरी नागपंचमीलाच तर आणतात.

मी खाली वाकून दोन्ही लाडू दाराखालच्या फटीतून आत सारले. फट चार बोटांची. लाडू ओढल्यासारखे गेले. बोटं मला दिसली नाहीत.

मग त्याच फटीतून एक करवंटी बाहेर आली. पाण्यानं काठोकाठ भरलेली, एक थेंब न सांडता.

"उन्हाची आलीस. पाणी घे."

ते पाणी मला अजून दिसतं. इतकं गार की करवंटीला बाहेरून दव आलं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी खाली बसले, हातही पुढं केला होता. करवंटीला बोट लागलं तेव्हा दात शिवशिवले. आणि मला विनूला बसलेला मामीचा धपाटा आठवला.

मी हात मागं घेतला. "लेकीच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही."

करवंटी जशी आली तशी आत गेली.

मी वाट बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. पट्टी माझ्या पायांपाशी होती ती वीतभर पुढं सरकली. दार हललं नाही, कडी वाजली नाही. मग मागून कोणीतरी माझा परकर ओढला.

विनू उभा होता. केसांत, भुवयांत, पापण्यांवर सगळं कापसाचं तूस. ओठ सुकून फुटलेले, त्यातून रक्त आलं होतं. तो म्हणाला, "अक्का, मी पाणी पिलो नाही."

मी त्याला कडेवर घेतलं. सहा वर्षांचा होता, मला उचलत नसे. त्या दिवशी उचललं.

हौदावर एकच गलका झाला. मामीनं त्याला पोटाशी धरलं, मग दोन चापट्या मारल्या, मग पुन्हा धरलं. तो तांब्याभर पाणी एका दमात प्यायला आणि झोपला. बारसं दिवेलागणीला झालं. रहीमचाचा तेवढा त्याच्या डोक्यातलं तूस बोटानं काढून बघत राहिला. मग तो गोदामाकडं जाऊन आला आणि मामाला म्हणाला, "मोहर वैसीच है साब. ताले कू किसी ने हात नै लगाया." मामानं मला बाजूला घेऊन विचारलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगता आलं तेवढं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, मुलीचं नाव काय? मला सांगता आलं नाही. रहीमचाचा म्हणाला, मैं रोज देखता था, दोनोंच खेलते थे आपस में. तिसरं कोणी त्याला कधी दिसलं नव्हतं.

लोक अशा ठिकाणी म्हणतात की तिथं कोणी मेलं असेल. मामानं ती चौकशी नीट केली. जिनिंग बांधून नऊ-दहा वर्षं झाली होती. त्याआधी तिथं नुसती बरड जमीन. कोणी लेकरू कापसाखाली सापडलं, हौदात पडलं, आजारानं गेलं, असं काही झालेलं नव्हतं. कामावरच्या कोण्या बाईची त्या वयाची लेकही नव्हती. म्हणजे सांगायला एक गोष्ट मिळाली असती, तीही मिळाली नाही.

दिवाळीला मालकासमोर मोहर तोडून गोदाम उघडलं, तेव्हा मामा मुद्दाम आत गेला. भाऊबीजेला पिंगळीला आला तेव्हा त्यानं ते आईला सांगितलं आणि मी दाराआडून ऐकलं. कापसाच्या ढिगावर, अगदी वर, बसून बसून पडावेत तसे दोन खळगे होते, शेजारी शेजारी. एक लहान, एक थोडा मोठा. लाडू नव्हते. करवंटी नव्हती. ठकी नव्हती.

पंचमी त्याआधीच होऊन गेली होती. आम्ही पिंगळीला होतो. मी गेले नाही. मी कोणाला सांगितलंही नाही की मला जायचं आहे. कशी सांगणार होते, आणि कोण मला नेणार होतं? पुढच्या वर्षी वाटलं, आता गेले तर विहीण काय म्हणेल. त्याच्या पुढच्या वर्षी माझंच लग्न झालं.

लग्नात पाठराखा म्हणून विनू यायचा होता. मी नको म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. माझा तेवढा आवाज लोकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी एकटीच सासरी गेले.

विनू पुढं शिकला, अण्णांसारखाच मास्तर झाला. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही, असं तो म्हणतो. वरण-भात खाल्ला, मग मामीनं मारलं, मधलं काही नाही. पण दोन गोष्टी मी बघत आले आहे. एक, तो दर पंचमीला मला न्यायला आला. एक वर्षही चुकला नाही. रेल्वे बंद होती तेव्हा देवगाव फाट्यापासून चालत आला. दुसरी, माझ्या घरी तो पाणी पीत नाही. बहिणीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानतात, ते ठीक. मला चार लेकरं झाली, नातवंडं झाली, तरी तो घरून तांब्या भरून आणतो. विचारलं तर म्हणतो, सवय नाही गं. जेवतो सगळं. पाणी त्याचं त्याचं.

मागच्या पंचमीलाही तो आला. आता थकलाय, काठी लागते. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मी ये म्हणाले तेव्हा आत आला. जेवण झालं. मी निघायची तयारी करत होते, पिशवीत डिंकाचे लाडू ठेवत होते. तो बघत होता. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "अक्का, ठकीला आणायला कोण गेलं?"

पंचमीचं ते बोलणं मी जगात कोणाला सांगितलं नव्हतं. मामालाही नाही.

मी म्हणाले, "कोणीच नाही."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "लय रडायली होती ती." आणि काठी घेऊन उठला.

कुलूपबंद दारातून लेकरू आत कसं गेलं आणि बाहेर कसं आलं, मला माहीत नाही. ती कोण होती, तेही माहीत नाही. सून वाचते त्या अनुभवांखाली कोणी ना कोणी खुलासा देतंच, उन्हाची झापड म्हणून किंवा मनाचे खेळ म्हणून. असेलही. माझ्याजवळ खुलासा नाही. मला एवढंच ठाऊक आहे की सासरी गेलेली लेक पंचमी जवळ आली की दाराकडं बघायला लागते. मी पन्नास वर्षांवर ते केलं आहे, आणि माझा मुराळी दर वेळी आला.